दारी हत्ती झुलण्याआधी चाऱ्याचा हिशेब मागा

महाराष्ट्रातील नागरिक बंधू-भगिनींनो,


हे पत्र घाईने लिहिते आहे, कारण हातात वेळ थोडा आहे. १६ मे २०२५ रोजी वानखेडे स्टेडियमवरच्या समारंभात मुख्यमंत्र्यांनी जाहीर केलं की, मुंबई क्रिकेट असोसिएशनने प्रस्ताव द्यावा, एक लाख प्रेक्षकांच्या नव्या स्टेडियमसाठी सरकार जागा देईल. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धांचं यजमानपद अहमदाबादला मिळालं. २०३६ च्या ऑलिंपिकवरही देशाची नजर आहे. आता प्रत्येक राज्याला, प्रत्येक महानगराला आपल्या दारी असा एक हत्ती झुलावा असं वाटू लागेल. माझी विनंती एवढीच आहे: हत्ती आणायच्या आधी त्याच्या चाऱ्याचा हिशेब मागा. जमिनीच्या करारावर एकदा सही झाली आणि पाया खणला गेला, की पुढची पन्नास वर्षं तो चारा आपल्याच खिशातून जातो.

मी स्टेडियमची वैरी नाही. तीस वर्षं तालुक्याच्या शाळेत मी खेळ शिकवला. आमच्या तालुक्याच्या क्रीडा संकुलाचं उद्घाटन झालं, तेव्हा मुलींचं लेझीम पथक घेऊन मीच पुढे होते. नारळ फुटला, फीत कापली गेली, कोनशिलेवरचा पडदा सरकला. नवी धावपट्टी, पत्र्याचं प्रेक्षागृह, प्रखर दिव्यांचे चार उंच खांब. पहिली दोन वर्षं मुली तिथे पळाल्या. मग विजेचं बिल थकलं आणि एक दिवस मीटर काढून नेला. बांधकामाला निधी आला होता, पण रखवालदाराचा पगार, गवत काढणं, पाण्याच्या पंपाची दुरुस्ती यांसाठी कुठल्याच लेखाशीर्षाखाली पैसा नव्हता.

गेल्या दिवाळीनंतर मी तिथे पुन्हा गेले. फाटकाला कुलूप, धावपट्टीवर गुडघाभर गाजरगवत, प्रेक्षागृहाचे अर्धे पत्रे वादळात उडालेले. कुंपणाबाहेरच्या कच्च्या रस्त्यावर फक्कीने रेघ मारून सहा मुली सराव करत होत्या. लांब उडीचा खड्डा त्यांनीच खणलेला, वाळूही नदीवरून त्यांनीच पाट्यांनी आणलेली. प्रत्येक उडीआधी एकजण उकिडवी बसून हाताने वाळू चाळायची, काच किंवा खडा नाही ना बघायची. "बाई, आम्हांला आत सोडायला सांगा ना," एवढंच त्या म्हणाल्या.

बांधायला पैसा असतो, सांभाळायला नसतो. तालुक्याच्या संकुलाचं जे होतं, तेच शेकडो कोटींच्या स्टेडियमचं होतं. फक्त आकडे मोठे होतात.

दिल्लीचं जवाहरलाल नेहरू स्टेडियम १९८२ च्या आशियाई स्पर्धांसाठी उभं राहिलं. २०१० च्या राष्ट्रकुल स्पर्धांसाठी त्याच्या नूतनीकरणावर सुमारे ९६० कोटी रुपये खर्च झाले. त्या स्पर्धांचा एकूण सरकारी खर्च महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात १८,५३२ कोटींवर दाखवला. आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये बातमी आली की, ते स्टेडियम पाडून तिथे 'स्पोर्ट्स सिटी' उभारायचं ठरलं आहे. ज्या पिढीने २०१० चा खर्च भरला, तीच पिढी आता पाडण्याचा आणि पुन्हा बांधण्याचा खर्चही भरेल.

कॅनडातल्या माँट्रियल शहराची गोष्ट याहून लांब आहे. १९७६ च्या ऑलिंपिकआधी तिथले महापौर जाँ द्रापो यांनी लोकांना छातीठोकपणे सांगितलं होतं की, पुरुषाला मूल होणं जितकं अशक्य, तितकंच ऑलिंपिकला तोटा होणं अशक्य. त्या स्टेडियमचं कर्ज फिटायला २००६ साल उजाडलं. तीस वर्षं लोक विडी-सिगारेटवरच्या खास करातून ते फेडत राहिले. तिथला बेसबॉलचा संघ २००४ च्या हंगामानंतर शहर सोडून गेला, पण स्टेडियम आणि कर्ज तिथेच राहिलं. छप्पर वारंवार फाटत राहिलं आणि २०२४ मध्ये नव्या छपरासाठी क्वेबेक सरकारने ८७ कोटी कॅनेडियन डॉलरचा खर्च जाहीर केला. उद्घाटनाला हजर असलेल्यांची नातवंडं आज त्या छपराचे पैसे भरत आहेत.

ब्राझीलने २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकासाठी ॲमेझॉनच्या जंगलातल्या मनाउस शहरात चाळीस हजारांहून अधिक प्रेक्षकांचं स्टेडियम बांधलं. विश्वचषकाचे सामने तिथे झाले चार. राजधानी ब्राझिलियातल्या महागड्या स्टेडियमच्या आवारात पुढच्याच वर्षी शहराच्या बसगाड्या उभ्या राहू लागल्या.

"हे सरकारी स्टेडियम नाही, क्रिकेट संघटना स्वतःच्या पैशाने बांधेल," असं आपल्याला सांगितलं जाईल. मग मुंबईचाच अनुभव तपासून बघा. वानखेडे स्टेडियमची जागा राज्य सरकारची, पन्नास वर्षांच्या भाडेपट्ट्यावर दिलेली. तो करार २०१८ मध्ये संपला आणि २०१९ मध्ये मुंबई शहर जिल्हाधिकाऱ्यांना सुमारे १२० कोटींच्या थकबाकीची नोटीस काढावी लागली. सामन्यांच्या पोलीस बंदोबस्ताचे १४.८२ कोटी रुपये थकल्याचं माहिती अधिकारातून उघड झालं. वसुली तर दूरच राहिली. जून २०२३ मध्ये सरकारने बंदोबस्ताचे दर उतरवले आणि ही सवलत थेट २०११ पासून लागू केली. याविरुद्ध जनहित याचिका झाली, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं की, झोपडपट्टीतल्या माणसाची पाणीपट्टी वाढवता, मग श्रीमंत क्रिकेट संघटनेला सवलत कशासाठी? बांधकाम संघटनेचं असलं, तरी जमीन, रस्ता, मेट्रो, पाणी, पोलीस आणि सामन्यानंतरचा कचरा आपलाच असतो. स्टेडियमच्या अंदाजपत्रकात यातलं काहीच दिसत नाही.

पाण्याचं तर आपण इतक्यात विसरणं शक्य नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचं पाणी पोहोचलं, त्याच आठवड्यात आयपीएलच्या मैदानांचा प्रश्न उच्च न्यायालयात होता. खेळपट्ट्या आणि मैदानांना सुमारे ६० लाख लिटर पाणी लागेल, असा आकडा तिथे मांडला गेला. न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर न्यायला सांगितले. दुष्काळ पुन्हा येणार, हे आपल्याला ठाऊक आहे. नव्या मैदानाच्या हिरवळीला तेव्हा पाणी कुठून आणणार, हे आज विचारलं पाहिजे.

स्टेडियम आलं की रोजगार येतील, व्यापार वाढेल, असंही सांगतात. २०१७ मध्ये शिकागो विद्यापीठाच्या एका मंचाने अमेरिकेतल्या नामवंत अर्थतज्ज्ञांना नेमकं हेच विचारलं. ८३ टक्के तज्ज्ञांचं मत पडलं की, व्यावसायिक संघांच्या स्टेडियमला दिलेल्या सरकारी मदतीचा करदात्यांवरचा बोजा स्थानिक फायद्यापेक्षा जास्त ठरतो. कारण साधं आहे. जो माणूस सामन्याच्या तिकिटाला दोन हजार देतो, तो त्या महिन्यात नाटकाला, हॉटेलात, कपड्यांच्या दुकानात तेवढे कमी खर्च करतो. पैसा एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो, शहराच्या तिजोरीत नवा पैसा फारसा येत नाही.

शिवाय मुंबईला स्टेडियमची वानवा कुठे आहे? १९३७ चं ब्रेबॉर्न आहे. तिथे तिकिटांच्या वाटणीवरून वाद झाला, म्हणून जेमतेम किलोमीटरभर अंतरावर १९७५ मध्ये वानखेडे उभं राहिलं. २००८ पासून नेरूळला डी. वाय. पाटील स्टेडियम आहे. मुंबईच्या मुलांना सकाळी पळायला, खो-खो खेळायला जागा किती आहे, ते मात्र तुम्ही आपापल्या वॉर्डात फिरून मोजा.

आपली पदकं कुठून आली, तेही आठवा. १९५२ मध्ये हेलसिंकीला जाण्यासाठी खाशाबा जाधवांना लोकवर्गणी गोळा करावी लागली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी स्वतःचं घर गहाण ठेवलं. तिथे त्यांनी मिळवलेलं पदक हे स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याच खाशाबांच्या गोळेश्वर गावी जाहीर झालेलं कुस्ती संकुल निधीवाचून इतकं रखडलं, की २०१७ मध्ये कुटुंबाला ते पदक लिलावात काढण्याचा इशारा द्यावा लागला. धावपटू अविनाश साबळे बीडच्या मांडवा गावातून रोज सहा किलोमीटर चालत-पळत शाळेला जायचा. या मुलांना एक लाख खुर्च्या नको होत्या. त्यांना उघडं फाटक, धड जमीन आणि शिकवणारा माणूस हवा होता.

एक साधं गणित मांडते. अहमदाबादच्या मोटेराच्या स्टेडियमला सुमारे ८०० कोटी लागले. आपल्या राज्याने २०२२ मध्ये तालुका क्रीडा संकुलाची अनुदान मर्यादा ५ कोटी केली. म्हणजे त्या एका स्टेडियमच्या पैशांत १६० तालुक्यांची संकुलं उभी राहतात. अर्थात ती बंद पडणार नसतील, तरच त्या गणिताला अर्थ आहे.

वेळेवर थांबता येतं, हेही जगाने पाहिलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२६ च्या राष्ट्रकुल स्पर्धा घ्यायचं कबूल केलं होतं. खर्च २६० कोटी डॉलरवरून ६०० ते ७०० कोटींवर जातोय असं दिसताच, जुलै २०२३ मध्ये त्यांनी माघार घेतली. मग ग्लासगोने त्या स्पर्धा स्वीकारल्या, त्याही खेळ कमी करून आणि असलेल्याच मैदानांवर. ऋण काढून सण करायचा नाही, एवढं शहाणपण आपल्यालाही आहे. ते वेळेवर बोलून दाखवलं पाहिजे.

म्हणून आपण सर्वांनी मिळून या पाच मागण्या कराव्यात, अशी माझी कळकळीची विनंती आहे:

१. जमीन देण्याआधी पन्नास वर्षांचा वर्षवार हिशेब मराठीत जाहीर करा: बांधकाम, व्याज, छप्पर-दुरुस्ती, वीज, पाणी, रस्ते आणि मेट्रोसह.

२. भाडेपट्ट्याचा मसुदा सहीआधी लोकांसमोर ठेवा. भाडं बाजारभावाशी जोडा, नाममात्र नको.

३. बंदोबस्त, पाणी आणि स्वच्छतेचे पैसे प्रत्येक सामन्याआधी आगाऊ घ्या. मागच्या तारखेपासून सवलत कोणालाही नको.

४. देखभालीचा निधी पहिली वीट रचण्याआधी वेगळ्या खात्यात ठेवा, आणि मैदान वर्षातले किती दिवस शाळांच्या मुला-मुलींसाठी खुलं राहील, ते करारात लिहा.

५. नवं स्टेडियम मंजूर करण्याआधी बंद पडलेल्या तालुका संकुलांची यादी प्रसिद्ध करा आणि त्यांची कुलपं उघडा.

हे मागायला मोर्चाच काढावा लागतो असं नाही. या आठवड्यात आपल्या आमदारांना एक पत्र लिहा आणि त्याची पोच घ्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकाराचा अर्ज करा: आमच्या तालुक्याच्या संकुलावर बांधकामाला किती खर्च झाला, देखभालीला किती? उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं. जमिनीच्या वापरात बदलाची नोटीस निघाली, तर मुदतीत हरकत नोंदवा. मुदत टळल्यावर केलेली तक्रार कोणी मोजत नाही. गावात असाल, तर येत्या ग्रामसभेत विषय मांडा आणि ठराव इतिवृत्तात लिहून घ्या. क्रिकेटवर जीव असलेल्यांनी तर हे आधी करावं. आपल्या आवडत्या खेळाच्या नावावर नातवंडांच्या डोक्यावर कर्ज चढू नये, हे पाहणं त्यांचंच काम आहे.

परवा त्या मुलींपैकी एकीचा फोन आला. जिल्हा स्पर्धेत तिने लांब उडीत दुसरा क्रमांक मिळवला. आनंद सांगून झाल्यावर तिने विचारलं, "बाई, फाटक उघडलं का?" मला "अजून नाही" म्हणावं लागलं. माझा माहिती अधिकाराचा अर्ज मी दुसऱ्या दिवशी टाकला आहे. तुमचाही जाऊ द्या.

आपली नम्र,
एक निवृत्त क्रीडाशिक्षिका