परवलीचा शब्द

आम्हां इचोडेकरांची आयुष्यभराची पुंजी आता मोबाईलमधून हाताळली जाते; तिचा परवलीचा शब्द मात्र बहुधा नातवाचे नाव आणि जन्मसाल! १९५१ साली स्टीफन क्लीनी या गणितज्ञाने मांडलेल्या कल्पनेतून ‘रेग्युलर एक्सप्रेशन’ ही लेखनरीत निघाली. तिच्यायोगे शब्दांचा साचा एका ओळीत सांगता येतो. ‘घरातील दहांपैकी एक नाव, पुढे १९२६ ते २०२५ पैकी एक साल’ एवढे लिहिले, की संगणक हजार शब्दांची यादी क्षणार्धात सिद्ध करतो. चोरास तेवढी पुरते. याउलट, हजार निरनिराळ्या शब्दांच्या चिठ्ठ्यांतून डोळे मिटून चार उचलाव्यात व जोडाव्यात; शक्यता सुमारे एक लक्ष कोटी होतात. नातवाचे नाव मुखी असावे, कुलपावर नसावे, हेच आमचे वाचकांस सांगणे.