जुळ्या कोकरांचा हिशेब

आपली दख्खनी मेंढी बहुधा एका वेताला एकच कोकरू देते. वर्षभर रानोमाळ हिंडवायची आणि तेवढे एक कोकरू दगावले, की मेहनत पाण्यात. साक्रीकडचे ठेलारी असोत वा भुसावळकडे घरी चार-दोन मेंढ्या पाळणारे असोत, दुखणे एकच.

भ्रूण प्रत्यारोपण हा यावर एक उपाय आहे. उत्तम मेंढीला इंजेक्शने देऊन एकाच माजात अनेक बीजे तयार करवतात, चांगला नर दाखवतात व सहाव्या-सातव्या दिवशी भ्रूण काढून साध्या मेंढ्यांच्या गर्भाशयात ठेवतात. पाच महिन्यांनी जन्मणारे कोकरू उत्तम मेंढीचे, वाढवणारी आई दुसरी. परंतु मेंढीच्या गर्भाशयाचे मुख अरुंद व वाकडे. गाईसारखी नळी सहज जात नाही, पोटाला छेद द्यावा लागतो. तेव्हा हे काम संशोधन केंद्राचे, आपल्या वाड्याचे नव्हे.

वाड्याला परवडेल अशी वाट फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेने काढली. बंगालमधील सुंदरबनची गरोल मेंढी लहानखुरी, पण जुळी देणारी. तिचा हा गुण संस्थेने दख्खनीत उतरवला व अंगलोट टिकवली. तीच ‘नारी सुवर्णा’. जुळ्यांचे कारण असलेले जनुक २००१ साली शास्त्रज्ञांनी नेमके शोधले. आता रक्त तपासून ते ओळखता येते.

असा नर घेण्याआधी तीन गोष्टी ध्यानात ठेवा.

नर आणला म्हणून जुन्या मेंढ्या जुळी देणार नाहीत. गुण दिसेल तो त्याच्या लेकींत. त्याही साधारण दोन वेतांत तीन कोकरे देतील.

आईबाप दोघांकडून गुण आलेला नर तो सर्व कोकरांना देतो, एकाकडूनच आलेला निम्म्यांना. म्हणून तपासलेलाच नर घ्या.

तिसरी गोष्ट खुराकाची. गाभण मेंढीला शेवटचा दीड महिना खुराक वाढवा. जन्मताच दोन्ही कोकरांना चीक पाजा. दुबळ्याला शेळीचे दूध द्या.

चारा-खुराकाची सोय नसेल, तर दोन मरतुकड्यांपेक्षा एक धष्टपुष्ट कोकरू केव्हाही बरे. आधी चारा पाहा, मग नर आणा.