गोळी कारखान्याची असली तरी आधी कागदावर तपासा



परवा पारावर सांगितलं की नव्या रायफलीच्या वीस गोळ्या नुसत्या कागदावर मारून आलो, तर सगळे हसले. "अण्णा, गोळी कारखान्याची, रायफल कोरी. त्यात तपासायचं काय? डुकरं कागदाची आहेत का?"

हसा. पण सोयाबीनची पिशवीपण कंपनीचीच असते ना? टॅग असतो, शिक्का असतो. तरी आपण शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळतो, आणि सत्तर उगवले तरच पेरतो. बियाणं फसलं तर दुबार पेरणी करता येते. सुटलेली गोळी परत घेता येत नाही.

आता कागदावर काय दिसलं ते ऐका. जुनी रायफल दुर्बिणीसकट चार किलोची होती. नवी तीन किलोची, बोअर तोच, थर्टी-झिरो-सिक्स. रात्री बांधाबांधानं फिरायला हलकी बरी, हे खरंच. पण वजन चाराचं तीन झालं की त्याच गोळीचा धक्का एक तृतीयांशानं वाढतो. खांदा एकदा दुखला की पुढच्या वेळी घोडा दाबायच्या आधीच डोळा मिटतो. माझाही मिटला, खोटं कशाला बोलू.

रेंजवर १०० मीटरवर कागद लावला. दोन डबे नेले होते, दोन्ही कारखान्याचे. एकात १८० ग्रेनची गोळी, दुसऱ्यात १५० ग्रेनची. १८० ची तीन भोकं चार सेंटिमीटरच्या आत बसली. १५० ची तेरा सेंटिमीटर पसरली, आणि तो पुंजका पहिल्यापासून आठ सेंटिमीटर बाजूला. रायफल तीच, माणूस तोच, टेकण तेच. मग पाच गोळ्या सलग मारल्या. तिसरीपर्यंत ठीक, चौथी-पाचवी भरकटली, कारण पातळ नळी लगेच तापते. दहा मिनिटं गार होऊ दिली की परत जागेवर.

यात दोष गोळीच्या कंपनीचा नाही, रायफलीचाही नाही. गोळी सुटताना प्रत्येक नळी आपल्या पद्धतीनं थरथरते. कुठली गोळी कुठल्या नळीला मानवते हे डब्यावर छापून येत नाही. ते कागदच सांगतो. आणि शेतात पहिली गोळी कायम गार नळीतून सुटते, म्हणून तपासतानाही दम खाऊनच मारायची.

रानडुकराच्या पुढच्या पायामागचा मर्माचा भाग जेमतेम ताटलीएवढा. तेरा सेंटिमीटर पसरणारी गोळी, वर अंधार, बॅटरीचा उजेड, धडधडणारी छाती. गोळी पोटातच जायची. गेल्या गळिताला आमच्या शिवारात हेच झालं. पोटात गोळी लागलेलं डुक्कर उसात शिरलं. सकाळी टोळी तोडीला आली आणि पहिली मोळी बांधणाऱ्या बाईच्या मांडीला सतरा टाके पडले. मारणारा म्हणाला, "नेम बरोबर होता, कसं निसटलं कळंना." त्यानं दोन दिवसांपूर्वी नेहमीची गोळी मिळाली नाही म्हणून दुसरा डबा आणला होता. एकही गोळी तपासली नव्हती. त्या बाईचा काय गुन्हा?

म्हणून माझं भांडण दोघांशी आहे. पहिलं आपल्याशी. "गोळी महाग आहे, कागदावर कशाला घालवू" म्हणणाऱ्यानं बंदूक भिंतीलाच टांगून ठेवावी. आणि तपासणी म्हणजे बांधावर डबा ठेवून ठो करणं नव्हे. ही गोळी तीन किलोमीटरच्या पुढे जाऊ शकते, मधे वस्ती आहे. तपासायचं ते रेंजवरच.

दुसरं भांडण सरकारशी. वन्यजीव कायद्याच्या कलम ११ खाली लेखी परवानगी लागते, लागलीच पाहिजे. मी ती काढली तेव्हा सातबारा विचारला, नुकसानीचा पंचनामा विचारला, लायसन्स बघितलं. पण "बाबा, तुझी गोळी कुठं लागते?" हे एकानंही विचारलं नाही. औषध फवारायच्या आधी पंप कॅलिब्रेट करा म्हणून सांगायला माणूस येतो. आणि इथं?

मागणी साधी आहे. हंगामाआधी तालुक्यात एक दिवस पोलिसांच्या देखरेखीखाली रेंज उघडा. तिथं मारलेल्या गोळ्या लायसन्सवरच्या कोट्यातून कापू नका. आणि ज्यानं आपल्या रायफलीतून, आपल्याच डब्यातल्या गोळीनं, कागदावर ताटलीच्या आत तीन भोकं पाडून दाखवली, त्यालाच परवानगी द्या. मला नाही जमलं तर मलाही देऊ नका.

माझा १५० चा डबा अजून तसाच आहे. मका हुरड्यात आलाय, डुकरं रोज येतायत, पण ती गोळी मी शेतात भरणार नाही. कुणाला हसायचं असेल तर खुशाल हसा.