विजेवरची पहिली आगगाडी घेताना

गेल्या महिन्यात मालेगावच्या एका वाचक भगिनीचं पत्र आलं. "मुलाला पुढच्या महिन्यात पाच वर्षं पूर्ण होतात. त्याला विजेवर चालणारी आगगाडी हवी आहे. ह्यांचं म्हणणं, घ्यायची तर एकदाच चांगली भारी घेऊ. मामंजींचं म्हणणं, चार दिवसांत मोडून ठेवील. तुम्ही मुलांना शिकवता, तेव्हा तुम्हीच सांगा, कोणती घेऊ?"

पत्र वाचून आधी हसू आलं आणि मग जरा कसंसंच झालं. कारण हा प्रश्न तीन वर्षांपूर्वी आमच्याही घरात येऊन गेला, आणि आम्ही त्याचं उत्तर साफ चुकलो होतो. शाळेत मी दुसऱ्यांच्या मुलांचे चुकलेले पेपर तपासते. आज म्हटलं, आपलाच काढून बसावं.

आमच्या वन्सं अमेरिकेत असतात. तीन वर्षांपूर्वी दिवाळीला त्या सातपूरला आल्या त्या भाचरांसाठी एक भलीमोठी पेटी घेऊनच. काळंकुळकुळीत इंजिन, चार डबे, रुळांचे तुकडे आणि वेग कमी-जास्त करायचा कंट्रोलर. आमची मोठी तेव्हा आठ वर्षांची, धाकटा चारचा. हे कंपनीतून आले ते कपडेसुद्धा न बदलता फरशीवर बसले. सतरंजी गुंडाळली, रूळ जोडले. प्लगच्या चपट्या पिना आपल्या बोर्डात जाईनात, म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून पिन बदलायचा ॲडॉप्टर आणला. कंट्रोलर मोठीच्या हाती दिला. धाकट्याला सासूबाईंनी मांडीवर घट्ट धरून ठेवलं होतं.

गाडी अशी भन्नाट सुटली, की दुसऱ्याच वळणावर रूळ सोडून सोफ्याखाली गेली. मुलांनी टाळ्या पिटल्या. तेवढ्यात जळका वास आला. ह्यांनी धावत जाऊन बटण बंद केलं, तोवर डब्यातून धूर निघायला लागला होता. घाबरून ह्यांच्या तोंडून निघून गेलं, "काय केलंस तू?"

पोरीनं काहीच केलं नव्हतं. कंट्रोलरच्या पाठीवर बारीक अक्षरांत '१२० व्होल्ट' असं छापलेलं होतं. आपल्या घरात येते ती २३० व्होल्टची वीज. पिन बदलणारा ॲडॉप्टर फक्त पिनेचा आकार बदलतो, विजेचा दाब नाही. आम्ही दोघं पदवीधर, हे तर दिवसभर यंत्रांत वावरणारे. पण ती एक ओळ कुणी वाचली नव्हती.

चूक आमची, पण ओझं वाहिलं लेकीनं. त्यानंतर कितीतरी दिवस ती पंख्याचं बटणसुद्धा स्वतः दाबेना. "आई, तू लाव ना." मला वाटायचं, आळस करते आहे. एकदा चांगली रागावले, तेव्हा रडत म्हणाली, "मी हात लावला की जळतं." माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं.

त्या रात्री ह्यांनी माळ्यावरून पेटी काढली, मोठीला जवळ बसवलं, तिच्या हातात भिंग दिलं आणि ती ओळ तिच्याकडूनच वाचून घेतली. मग म्हणाले, "चूक माझी होती गं. मी वाचलं नव्हतं." वडिलांनी मुलीपाशी असं कबूल केलेलं आमच्या लहानपणी आम्ही कधी ऐकलं नव्हतं. सासूबाई जपमाळ थांबवून बघत राहिल्या.

म्हणून मैत्रिणींनो, किंमत विचारण्याआधी पेटीची पाठ वाचा. काय काय वाचायचं, ते एकेक सांगते.

पहिली गोष्ट, वीज. ह्या गाड्या दोन जातींच्या. एक सेलवर चालणारी. हिचा सेल इंजिनाच्या पोटात असतो आणि रूळ नुसते प्लॅस्टिकचे किंवा लाकडाचे असतात. दुसरी प्लगवर चालणारी. हिच्या धातूच्या दोन रुळांतून वीज इंजिनाच्या चाकांत आणि तिथून मोटारीत जाते. घरातली २३० व्होल्टची वीज रुळांपर्यंत यायच्या आत ट्रान्सफॉर्मर ती उतरवून बहुधा १२ व्होल्टच्या आसपास आणतो. तेवढ्या दाबाच्या रुळाला मुलाचा हात लागला तर धक्क्याची भीती नसते. धोका असतो तो भिंतीकडच्या बाजूला. म्हणून 'इनपुट' ह्या शब्दापुढे २३० व्होल्ट किंवा २२०-२४० व्होल्ट असेल तरच प्लग लावायचा. १००-२४० असेल तरीही चालेल. नुसतं ११० किंवा १२० असेल, तर पाहुण्यांनी कितीही प्रेमानं आणलेली असो, प्लग लावायचा नाही. आपल्या विजेवर चालणारा, त्याच कंपनीचा कंट्रोलर मागवायचा.

त्याच पाठीवर आयएसआयची खूणही शोधा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना ती सक्तीची झाली. विजेच्या खेळण्यावर खुणेसोबत 'आयएस १५६४४' असा आकडा दिसला पाहिजे. यात्रेतल्या किंवा रस्त्यावरच्या स्वस्त गाडीवर हे नसेल, तर चार पैसे वाचल्याचं समाधान मानू नका.

दुसरी गोष्ट, वय. तीन वर्षांखालच्या मुलाला विजेची गाडी नकोच. त्या वयात प्रत्येक वस्तू आधी तोंडात जाते. सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी खेळणी आपण सहलीला गेलो की आणतोच. तसली रंगीत लाकडी गाडी त्याला दोरीनं ओढायला द्या. तीन ते सात वर्षांच्या मुलांना सेलवरची गाडी उत्तम. रूळ जाड, जोडायला सोपे, आणि इंजिन हातातून पडलं तरी रडारड नाही. घेताना सेलचं झाकण स्क्रूनं बंद होतं का, एवढं बघा. बटणासारखे चपटे सेल असलेलं खेळणं मात्र लहान मुलांच्या घरात आणूच नका. असा सेल मुलानं गिळला तर दोन तासांतसुद्धा अन्ननलिका भाजू शकते. तशी नुसती शंका आली तरी घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा.

प्लगवरच्या बहुतेक संचांवर आठ वर्षं किंवा त्याहून मोठं वय छापलेलं असतं. पुष्कळ आया म्हणतात, "आमचा पाचचाच आहे, पण फार हुशार आहे हो." हुशार असेलच! पण वय छापतात ते हुशारीसाठी नव्हे, बोटांसाठी. डब्याची बारीक चाकं रुळांवर नीट बसवणं पाच वर्षांच्या बोटांना जमत नाही. मग ते चिडतं, इंजिन हातानं ढकलतं, आणि त्यात आतले दाते झिजतात. मग बाबा म्हणतात, "तू हात लावू नकोस, लांबून बघ." एकदा हे वाक्य घरात आलं, की ती गाडी मुलाची राहिली नाही, बाबांची झाली असं समजा.

तिसरी गोष्ट, जागा. प्लगवरच्या गाड्यांत 'एचओ' हे माप फार प्रचलित आहे. खऱ्या गाडीच्या सत्त्याऐंशीपट लहान, आणि दोन रुळांतलं अंतर १६.५ मिलिमीटर. त्याहून लहान 'एन' माप, त्यात हे अंतर अवघं ९ मिलिमीटर. लहान मुलांसाठी ते फारच नाजूक. एचओचा नेहमीचा गोल मांडायला सव्वातीन ते साडेतीन फूट चौरस जागा लागते. आपल्या दोन खोल्यांच्या घरात दिवाण सरकवल्याशिवाय एवढी जागा निघत नाही. म्हणून दुकानात जाण्याआधी फरशीवर खडूनं तेवढा गोल काढून बघा. त्यातून कुणाची जाण्यायेण्याची वाट जाते का, संध्याकाळी गाद्या कुठे पडतात, हे आधीच कळेल. सतरंजीवर मात्र रूळ मांडू नका. तिचे धागे इंजिनाच्या आसात गुंडाळले जातात.

चौथी गोष्ट, पैसा. सेलवरचा संच काही शेकड्यांपासून दोन हजारांपर्यंत मिळतो. प्लगवरचा परदेशी संच दहा-पंधरा हजारांच्या पुढे जातो. दोन्हींत माझा एक नियम: डबे कमी, रूळ जास्त. मुलांचा खरा खेळ गाडी चालवण्यात नसतो, मार्ग मांडण्यात असतो. नुसता गोल चौथ्या दिवशी जुना होतो. चार सरळ तुकडे आणि एक सांध्याचा तुकडा जास्त मिळाला, की दिवाणाखाली इगतपुरी होते आणि स्वयंपाकघराच्या दाराशी मनमाड. जादा रूळ आणि सुटे भाग वेगळे मिळतात का, हे दुकानदाराला विचाराच. पुष्कळ गाड्या मोडून नव्हे, एक तुकडा हरवून माळ्यावर जातात.

पाचवी गोष्ट, निगा. प्लगवरची गाडी मध्येच अडखळायला लागली, की शंभरात नव्वद वेळा रूळ मळलेले असतात. कोरड्या, मऊ कापडानं पुसा. पाण्याचा हात लावू नका, आणि पुसताना प्लग काढलेला असू द्या. स्टीलचे रूळ पावसाळ्यात गंजतात. निकेल सिल्व्हरचे गंजत नाहीत म्हणून ते थोडे महाग पडतात. रुळांवर आडवा चमचा, नाणं, केसाची पिन ठेवायची नाही, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा, आणि का ठेवायची नाही तेही सांगा. कारण सांगितलं, की मुलं नियम लवकर पाळतात.

आता थोडं मुलांच्या बाबांबद्दल. भारी गाडीचा सोस खरा त्यांना असतो, आणि त्यात वावगं काही नाही. त्यांच्या लहानपणी कुठे मिळाली होती? पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांनी छंदातून उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. ते १९९८ साली लोकांसाठी खुलं झालं. आम्ही मुलांना घेऊन गेलो होतो. अख्खं गाव मांडलेलं, सिग्नल, पूल, रस्ते आणि त्यांतून धावणाऱ्या गाड्या. ह्यांचा पाय तिथून निघेना. पण मला वाटलं ते एवढंच, की हे एका पेटीतून आलेलं नाही, वर्षानुवर्षं एकेक जोडत गेल्यावर झालं आहे. पहिली गाडी साधीच असावी. पुढचं मुलांच्या वयाबरोबर वाढत जातं.

आमच्या घरी पुढे काय झालं, ते सांगते. धाकट्याला त्याच वर्षी सेलवरची साधी गाडी आणली. तिचं इंजिन आजवर जिन्यावरून तीनदा पडलं आहे आणि अजून धावतं आहे. वन्संच्या गाडीचं इंजिन ह्यांच्या एका मित्रानं तपासलं. नशिबानं मोटार शाबूत होती, जळला होता फक्त कंट्रोलर. २३० व्होल्टचा नवा मिळायला बरेच महिने लागले. तो आला त्या दिवशी ह्यांनी प्लग मोठीच्या हाती दिला. तिनं आधी डबा उलटा केला आणि मोठ्यानं वाचलं, "इनपुट दोनशे तीस व्होल्ट." मग आमच्याकडे एकदा बघितलं आणि स्वतःच्या हातानं बटण दाबलं. गाडी हळूच सुटली. मी पदराला डोळे पुसले, ते कुणाला दिसू दिले नाहीत.

परवा दोघांनी मिळून रुळांखाली पुस्तकं घालून घाट केला. गाडी चढेना, चाकं जागच्या जागी फिरत राहिली. तेव्हा ह्यांनी कसाऱ्याचा घाट सांगितला. तिथे ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, असा चढ आहे. म्हणून कसाऱ्याला बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिनं लावून इगतपुरीपर्यंत ढकलत आणतात. मोठीनं पट्टी घेतली आणि ३७ इंचांना एक इंच असा चढ मोजून पुन्हा लावला. धाकट्यानं दोन डबे काढून ठेवले. गाडी चढली. भागाकाराचा एवढा चांगला तास मी वर्गातसुद्धा घेतलेला नाही.

तेव्हा मालेगावच्या ताई, तुमच्या पाच वर्षांच्या मुलासाठी सेलवरची, जाड रुळांची, आयएसआयची खूण असलेली गाडी घ्या. उरलेले पैसे बाजूला ठेवा. आठवं वर्ष सरलं आणि त्याचं मन गाड्यांतच असलं, तर बाबांच्या मनातली भारी गाडी तेव्हा आणा. मामंजींना सांगा, मोडली तरी चालेल, मोडण्यासाठीच घेतली आहे. आणि कोणतीही आणली, तरी डब्याच्या पाठीवरचं मुलाला शेजारी बसवून वाचा. आमच्या मोठीला आता ती सवयच लागली आहे. मागच्या आठवड्यात नवा मिक्सर आला, तर प्लग लावायच्या आधी बाईसाहेब म्हणाल्या, "थांब आई, मी वाचते."