बिस्किटांचे पुडे आणि दाखला

नाताळ तोंडावर आला की आमच्या मंडळीतल्या तरुण संघाला सेवा आठवते. कॅरल पार्टीचं वेळापत्रक लागतं आणि त्याच कागदाच्या तळाशी कुणीतरी लिहितं : ‘पालावर भेट. ब्लँकेट, बिस्किटं, खाऊ.’ पोरं मनापासून करतात, वर्गणी काढतात, स्वतःच्या खिशातलं घालतात. नगरची डिसेंबरातली थंडी ज्याने सोसली आहे तो ब्लँकेटला नावं ठेवणार नाही. मीही ठेवत नाही. माझं म्हणणं बिस्किटांपुढचं आहे.

गेल्या नाताळात मी त्यांच्यासोबत गेले होते. श्रीगोंद्याच्या बाजूला, गावाबाहेर ओढ्याकाठी फासेपारध्यांची वस्ती. बाभळीच्या काठ्या रोवून वर जुने फ्लेक्स ओढलेले. एका पालावर कुणा पुढाऱ्याचा वाढदिवस उलटा टांगला होता. तीन दगडांची चूल, बांधलेलं कुत्रं, मोकळ्या कोंबड्या. गावातून जाताना पारावरच्या एकाने विचारलंच, “काय, बाटवायला निघालात का?” आमचा तरुण संघाचा सेक्रेटरी हसून म्हणाला, “नाही काका, थंडी आहे म्हणून.” उत्तर चांगलं होतं. पण मग पुडे वाटण्याआधी लेकरांना रांगेत बसवून नाताळची गाणी म्हणायला लावली, ते मला पटलं नाही. खाऊ हातात पडायचा आहे म्हटल्यावर मूल काहीही म्हणेल. प्रभूची स्तुती अशी वसूल करू नये.

वाटप झालं, फोटो झाले. मग एका म्हातारीने मला बाजूला बोलावलं. तिने पालाच्या कोपऱ्यातून दोरीने बांधलेली प्लॅस्टिकची पिशवी काढली. आत आधार कार्ड, दवाखान्याची चिठ्ठी आणि कोर्टाचे जामिनाचे कागद, घडी घालघालून चिरलेले. घरातल्या पुरुषाचं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, नीट टाइप केलेलं कुठे असेल तर त्या जामिनाच्या कागदावर. ती म्हणाली, “बाई, बिस्किटं पोरं खात्याल. नातवाच्या दाखल्याचं तेवढं बघा की.”

दाखला म्हणजे जातीचा. फासेपारधी महाराष्ट्रात अनुसूचित जमातीत येतात. त्यासाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागतात. वैदू, गोपाळ, कैकाडी अशा विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ च्या आधीचा. ज्यांचे आजे-पणजे शिकारीच्या मागे रानोमाळ फिरत होते, ज्यांना गावात चार रात्रींच्या वर कुणी टिकू देत नव्हतं, त्यांनी १९५० सालचा शाळेचा उतारा आणायचा कुठून? दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, घरकुल अडलेलं. त्या मुलाला आश्रमशाळेत घालायचं तरी पहिला प्रश्न कागदाचाच.

ही तऱ्हा फक्त आपल्याकडची नाही. युरोप-अमेरिकेतल्या चर्चची तरुण मुलं सुट्टीत रुमानिया, स्लोवाकिया, हंगेरीतल्या रोमा वस्त्यांवर जातात. भिंती रंगवतात, लेकरांचे खेळ घेतात, गाणी शिकवतात आणि आठवडाभराने घरी परततात. हे रोमा मूळचे आपल्याच उपखंडातले, हजारेक वर्षांपूर्वी वायव्येकडून बाहेर पडलेले. नाक-कान हे शब्द आजही त्यांच्या बोलीत ओळखू येतात. आजच्या रुमानियाच्या मुलखात ते कित्येक शतकं गुलाम होते. त्यांचे मालक राजे आणि सरदार होते, तसे ख्रिस्ती मठही होते. शेवटचे गुलाम सुटले ते १८५६ साली. रंगाचा डबा घेऊन निघालेल्या मुलांना हे निघण्यापूर्वी सांगायला हवं.

आणि आमच्या मुलांना घरचं सांगायला हवं. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींत जन्मलेलं मूलच गुन्हेगार ठरवलं. १९११ च्या कायद्याने तो फास सगळ्या देशाभोवती आवळला. फासेपारध्यांसारख्या या लोकांना ‘सुधारण्या’साठी तारेच्या कुंपणाच्या वसाहती निघाल्या आणि त्या चालवायला सरकारने मिशनऱ्यांना हाक दिली. नगरच्या बूथ हॉस्पिटलने करोनात गावाला केवढा आधार दिला हे आपण पाहिलं. ते ज्या मुक्तिफौजेचं (साल्व्हेशन आर्मी), तिने १९०८ पासून गोरखपूरला आणि पुढे इतर ठिकाणी अशा वसाहती चालवल्या. सोलापूरची सेटलमेंट काही काळ आमच्याच अमेरिकन मराठी मिशनकडे होती. तिथे शाळा होती, गिरणीत काम होतं. आणि हजेरी होती. ती चुकली की शिक्षा. चालवणाऱ्यांच्या मनात दया नव्हती असं मी म्हणणार नाही. पण आत राहणाऱ्याला तुला काय हवं हे कुणी विचारलेलं नव्हतं. कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. स्वातंत्र्य मिळून पाच वर्षं उलटल्यावर.

तीच अमेरिकन मराठी मिशन नगरात १८३१ साली आली, आणि तिने आमच्या घराण्याला काय दिलं ते मी जाणते. माझे पणजोबा गावकुसाबाहेरचे. मिशनच्या शाळेत त्यांचं नाव लिहिलं गेलं, वडिलांच्या नावासकट, तारीख घालून. त्या एका नोंदीवर पुढच्या तीन पिढ्या मास्तर, नर्स, कारकून झाल्या. मिशनने तेव्हा वाटलेले कपडे कधीच विरले असतील.

जिल्ह्यात याहून चांगला धडा जामखेडचा आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे वेल्लोरला शिकलेलं ख्रिस्ती जोडपं आधी वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात होतं. टाळता येण्यासारखे तेच ते आजार घेऊन माणसं पुन्हा पुन्हा येतात, हे त्यांनी तिथे पाहिलं. १९७० साली ते जामखेडला गेले. गावांतल्या लोकांना विचारलं, तर त्यांनी दवाखान्याचं नाव पहिलं घेतलं नाही. आधी पाणी आणि अन्न म्हणाले. दुष्काळाचे दिवस होते. डॉक्टरांनी बोअर घेतले, लेकरांसाठी अन्न शिजवायची सोय केली. मग गावोगावच्या बायकांना, त्यातल्या कितीतरी दलित आणि निरक्षर, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार त्या कामाचा. परदेशी विद्यार्थी जामखेडला येतात ते शिकायला, आणि शिकवणाऱ्यांत या बायकाही असतात. माझ्या मते तरुणांच्या सेवायात्रेची दिशा तिथे बरोबर उलटी झाली आहे, आणि तीच खरी आहे.

म्हणून तरुण संघाला आणि पाळकसाहेबांना एक विनंती. यंदा पालावर जरूर जा, ब्लँकेटही न्या. पण गाडीत दोन जागा राखून ठेवा. आपल्या मंडळीत निवृत्त तलाठी आहेत, मुख्याध्यापक आहेत, नगरच्या कोर्टात जाणारे वकील आहेत. दर रविवारी पुढच्या बाकांवर बसतात. त्यांना सोबत घ्या. एका वहीत प्रत्येक कुटुंबाची नावं, कोण कुठे जन्मलं, कोणाकडे कोणता कागद आहे, एवढं लिहून आणा. जानेवारीत तहसील कार्यालयात त्यांच्याबरोबर तुमच्यातले दोघे उभे राहा, आणि परत पाठवलं तर फेब्रुवारीत पुन्हा. जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा त्या म्हातारीच्या नातवाचं नाव पटावर आहे की नाही, ते मला येऊन सांगा.