वैशाखातला टोमॅटो आणि गहाण पडलेली चव

वैशाखवणवा पेटलेला असतो. दुपारी रस्ते ओस पडतात, मंडईतील पालेभाज्या माना टाकतात आणि घराघरांत जेवणावरची वासना उडते. अशा दिवशी गच्चीतल्या कुंडीवरून सकाळी तोडलेला टोमॅटो चिरावा, त्यात मीठ, चिमूटभर साखर, हिरवी मिरची आणि दाण्याचे कूट घालावे, वर हिंग-मोहरीची फोडणी द्यावी. भाकरीसोबत दुसरे काही लागत नाही. घरातील म्हातारीकोतारी माणसे पहिल्याच घासाला म्हणतात, ‘टोमॅटो असा लागायचा!’ या उद्गारात आनंद आहे, तसाच एक आरोपही आहे. चव होती, मग ती गेली कुठे?

चव हरवली नाही. ती विकली गेली. बाजारातील फळ लालभडक, टणक आणि एकसारखे असते, कारण ते जिभेसाठी नव्हे, तर क्रेटसाठी आणि ट्रकच्या प्रवासासाठी घडवलेले असते. ते पुरते पिकण्याआधीच तोडले जाते. २०१२ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने यामागचे एक कारण उघड केले. फळ सर्वत्र सारखे पिकावे म्हणून पैदासकारांनी दशकानुदशके जो गुण निवडला, त्यानेच फळाची साखर तयार करण्याची शक्ती क्षीण केली. रूप साधताना रस गमावला. उरलासुरला गंध घरच्या शीतकपाटात मरतो.

याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे हा कृतघ्नपणा ठरेल. व्यापारी उचलेल तेच त्याला पिकवावे लागते. मे २०२३ मध्ये वाहतुकीचा खर्चही सुटेना, म्हणून नाशिक भागातील शेतकऱ्यांनी टोमॅटो रस्त्यावर ओतले. दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, अनेक शहरांत किलोचा भाव दीडशेच्या पुढे गेला आणि राष्ट्रीय सहकारी ग्राहक महासंघामार्फत ९० रुपये किलोने विक्री करण्याची वेळ केंद्र सरकारवर आली. मे महिन्यात शेतकरी रडला, जुलैत गृहिणी रडली. ज्या व्यवस्थेत पिकवणारा आणि खाणारा दोघेही पराधीन असतात, तिला समृद्धी कसे म्हणावे?

चार कुंड्यांनी काय होणार, असे विचारणारे सुज्ञ पुष्कळ आहेत. बाजारभाव कुंड्यांनी उतरणार नाही, हे खरेच. परंतु ज्या घरातील मुलाने पाणी घालून एक फळ पिकवले, ते घर शेतकऱ्याशी दोन रुपयांसाठी हुज्जत घालणार नाही. पारा पस्तीस अंशांच्या वर गेला की परागकण निकामी होतात आणि फुले गळतात; म्हणून डिसेंबरअखेर बी पेरावे लागते, जानेवारीअखेर रोप लावावे लागते, म्हणजे उन्हाचा कहर होण्यापूर्वी फळ धरते. दुपारी सावलीचे कापड, बुंध्याशी पालापाचोळा आणि रोज नेमाने पाणी. पाण्यात अनियमितपणा झाला की फळाचे बूड काळे पडते. निसर्गाची ही शिस्त कोणत्या शिकवणीत मिळते? कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोलकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून घरच्या गच्चीलाही शेतीची प्रयोगशाळा मानले, ते उगाच नव्हे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे: टोमॅटो मुळात दक्षिण अमेरिकेचा, पोर्तुगीजांच्या गलबतांतून आलेला, त्यात स्वदेशी ते काय? विदर्भाने त्याला ‘भेदरं’ म्हणून आपलेसे केले, तेव्हाच या प्रश्नाचा निकाल लागला. फळ कोठून आले हा प्रश्नच नाही. बी कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न आहे. संकरित वाणाचे बी जपून पेरले तरी पुढच्या पिढीत तेच गुण उतरत नाहीत. दरवर्षी नवे पाकीट घ्यावे लागते. सरळ वाणाचे तसे नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा ‘पुसा रुबी’ किंवा राहुरीच्या कृषी विद्यापीठाचा ‘धनश्री’ लावला, पिकलेल्या फळाचा गर दोन दिवस आंबवला आणि बी धुऊन सावलीत वाळवले की पुढच्या वर्षाची बेगमी झाली. २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा आणि देवघेवीचा हक्क दिला आहे. पण बी राखण्याची सवयच मोडली, तर हक्क कागदावरच राहतो. अकोले तालुक्यातील राहीबाई पोपेरे यांनी ही सवय मोडू दिली नाही. म्हणूनच देशाने त्यांना पद्मश्री देऊन गौरविले.

कुंडी, माती आणि मूठभर बी यांना फारसे द्रव्य लागत नाही. लागते ती चिकाटी. येत्या पौषात ज्या घरात बी पेरले जाईल, त्या घराच्या ताटात वैशाखात चव परतेल. ज्या घरात ते जपून शेजाऱ्याला दिले जाईल, तेथे स्वावलंबन हा शब्द भाषणापुरता उरणार नाही.