नव टेकांचं शहर आणि खाली उतरलेलं शहाणपण

नाशिककरांनो, "नाशिक नव टेकांवर वसविले" हे वाक्य आपल्यापैकी बहुतेकांनी आजीआजोबांच्या तोंडून ऐकलेलं असेल. शूर्पणखेच्या नाकाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, पण टेकांची गोष्ट हळूहळू विसरली जातेय. खरं तर पावसाळा तोंडावर आला की उपयोगाची असते ती हीच दुसरी गोष्ट.

जुनी गढी, नवी गढी, चित्रघंटा, म्हसरूळ टेक. सगळी नऊ नावं आज कुणाला विचारली तर यादी प्रत्येकाची वेगळी येईल. पण तिवंध्याकडून नदीकडे पायी उतरून बघा, पायाला उतार लगेच कळतो. जुनं नाशिक गोदावरीच्या उजव्या काठावर उंच जागा धरून बसलंय आणि समोरच्या काठावर पंचवटी. ब्रह्मगिरीवरून निघालेली नदी पूर्वेकडे वाहत येते आणि रामकुंडापाशी दक्षिणेला वळते. तीर्थ म्हणून त्या जागेला महत्त्व आलं त्यात या दक्षिणवाहिनी वळणाचा मोठा वाटा आहे. तीर्थ पाण्याजवळ हवं आणि घर पाण्यापासून लांब हवं. या दोन गरजांचा मेळ म्हणजे हे टेकांवरचं शहर. राहायचं वर, आंघोळ-पूजा-बाजार खाली. पूर आला की खालचा बाजार दोन दिवस बंद, पण घरातली चूल चालू.

हे शहाणपण किती जुनं, ते कागदावर नाही, मातीत लिहिलेलं आहे. कुंभारवाड्याला लागून असलेली जुनी मातीची गढी, जिला आपण काझीची गढी म्हणतो, तिथे डेक्कन कॉलेजच्या ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी 1950-51 साली उत्खनन केलं. तळाशी ताम्रपाषाण युगातली वस्ती सापडली, म्हणजे तीन हजार वर्षांच्या आसपासची. त्यावर सातवाहन काळ, त्यावर मुस्लिम आणि मराठा काळ, असे थरावर थर. पांडवलेण्यातल्या सातवाहन राजा कण्हाच्या काळातल्या शिलालेखात नाशिकच्या महामात्राचा उल्लेख आहे. दोन हजार वर्षांपूर्वी हे गाव याच नावानं, याच काठावर नांदत होतं. मधे मोगलाईत गुलशनाबाद झालं, पेशवाईत पुन्हा नाशिक झालं, पण टेक काही हलले नाहीत.

आता मुद्द्यावर येतो. आपण पुराचा विषय निघाला की फक्त गंगापूर धरणातून किती क्युसेक सोडलं एवढंच बोलतो. दुतोंड्या मारुतीच्या गुडघ्याला पाणी लागलं की फोटो, कमरेला लागलं की व्हिडिओ, छातीला लागलं की बातमी. 1969 चा पूर जुन्या लोकांना आठवतो, 2008, 2016 आणि 2019 आपण सगळ्यांनी पाहिले. पण एक प्रश्न विचारा. जूनमधल्या पहिल्याच मोठ्या सरीत, धरणात पाणीसाठा नसताना, सराफ बाजार आणि दहीपूल परिसर पाण्याखाली का जातो? तेव्हा कुणी पाणी सोडलेलं नसतं ना?

उत्तर नावातच आहे. दहीपुलावर आज पूल शोधून सापडत नाही. पूल होता म्हणजे खाली पाणी होतं. सरस्वती नावाचा ओढा तिथून वाहत जाऊन गोदावरीला मिळतो. आपण आधी त्याला नाला म्हटलं, मग झाकला, मग त्यावर रस्ता आणि दुकानं थाटली. आता नऊ टेकांवरून उतरणारं पाणी जाणार कुठे? ते त्याच्या जुन्या वाटेनंच जातं, फक्त आता ती वाट सोन्याचांदीच्या दुकानांतून जाते. पाण्यानं अतिक्रमण केलेलं नाही राव, पाणी आपल्या सातबाऱ्यावर चालतंय.

दुसरं दुखणं गढीचं. एकीकडे शहराचं सगळ्यात जुनं ठिकाण, दुसरीकडे त्याच्या कडेवर जीव मुठीत धरून राहणारी गरीब कुटुंबं. ही टेकडी खडकाची नाही, मातीची आहे. वरून पाऊस आणि सांडपाणी मुरतं, माती जड होते, खालचा आधार सुटतो आणि कडा ढासळतो. दरवर्षी पावसाळा आला की धोक्याच्या नोटिसा, स्थलांतराचं आवाहन, संरक्षक भिंतीची चर्चा. गणपती गेले की विषय बंद. काही जण म्हणतात, लोक नोटीस देऊनही हलत नाहीत. बरोबर आहे, पण हलायचं कुठे? ज्याची रोजीरोटी जुन्या नाशकात आहे त्याला शहराबाहेरची खोली दाखवून चालत नाही. आणि चार महिन्यांसाठी शाळेच्या वर्गात ठेवणं म्हणजे पुनर्वसन नव्हे.

तिसरं, नदीचं पात्र. 2003 च्या सिंहस्थाच्या तयारीत जुनी कुंडं काँक्रिटखाली गेली, प्रकरण कोर्टापर्यंत पोहोचलं आणि मग काही ठिकाणी तेच काँक्रिट फोडायला पुन्हा पैसे गेले. ओतायलाही आपलेच, काढायलाही आपलेच!

आता 2027 चा सिंहस्थ आहे. निधी येणार, कामं निघणार, आणि ती व्हायलाच हवीत. लाखो भाविक येणार तर रस्ते, घाट, शौचालयं लागतात, याबद्दल वाद नाही. माझं म्हणणं एवढंच, की या कामांच्या यादीत तीन गोष्टी वरच्या ओळीत असाव्यात.

1. सरस्वती ओढ्याची पूर्ण मोजणी करून त्याला पावसाचं पाणी वाहून नेण्याइतकी वाट मोकळी करून द्या. नुसतं चेंबर साफ करून भागणार नाही.

2. गढीवरच्या कुटुंबांना जवळपास, कायमचं घर. त्यानंतर भिंत, पाण्याचा निचरा आणि उरलेल्या थरांचं जतन. हा क्रम उलटा नको.

3. 2008 नंतर आखलेल्या निळ्या आणि लाल पूररेषेच्या आत सिंहस्थाच्या नावाखाली कायमचं बांधकाम नको. तात्पुरतं हवं ते उभारा, पर्व संपलं की उचला.

यात नवीन काही नाही. वर राहा, खालची जागा पाण्याला सोडा, हेच नव टेकांचं नाशिक तीन हजार वर्षं सांगतंय. त्यांच्याकडे ना उपग्रह होता ना सल्लागार कंपनी. डोळे मात्र होते.

मत मागायला जो कुणी दारात येईल, त्याला गटार-रस्त्याबरोबर हे तीन प्रश्नही विचारा. आणि तुमच्या घरात जुन्या टेकांची नावं माहीत असलेलं कुणी असेल तर खाली कमेंटमध्ये नक्की लिहा. नऊच्या नऊ एकत्र करूया. ज्या टेकाचं नावच आपल्याला आठवत नाही, तो उद्या सपाट झाला तर कळणार तरी कसं?